दाझाइफू तेन्मांगू: जपानमधील विद्येच्या देवाचे दर्शन

दाझाइफू तेन्मांगू हे जपानच्या क्यूशू बेटावर, फुकुओका शहराच्या आग्नेयेला असलेल्या दाझाइफू शहरातील शिंतो देवस्थान आहे. नवव्या शतकातील कवी, विद्वान आणि मंत्री सुगावारा नो मिचिझाने (इ.स. ८४५–९०३) यांची तेथे ‘तेनजिन’ या नावाने पूजा होते. तेनजिन हा जपानमध्ये विद्येचा, काव्याचा आणि सुलेखनाचा देव मानला जातो. त्याची देशभरात सुमारे १२ हजार देवस्थाने असल्याचे सांगितले जाते. त्यांत दाझाइफूचे महत्त्व वेगळे आहे, कारण मिचिझाने यांचे दफन याच जागी झाले आणि मुख्य देवालय त्यांच्या कबरीवर उभे आहे.

परीक्षेच्या हंगामात येथे शाळकरी मुले, त्यांचे आईवडील आणि आजीआजोबा रांगा लावतात. एरवी फुलांसाठी, बाजारासाठी किंवा सहलीसाठी येणारे अधिक. मात्र मिचिझाने यांची कथा ठाऊक नसेल तर आवारातला बैल, झाड, पूल किंवा दुकानातली मिठाई यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. म्हणून आधी ती कथा.

माणसाचा देव कसा झाला

मिचिझाने यांचे आजोबा आणि वडील दोघेही राजदरबाराच्या विद्यालयात साहित्याचे प्राध्यापक होते. घरात विद्या होती, पण सत्ता नव्हती. त्या काळी दरबारावर फुजिवारा घराण्याची पकड होती आणि वरच्या जागा जन्मानेच ठरत. विद्वानाच्या मुलाला वर चढायचे तर परीक्षा हाच रस्ता. ८७० मध्ये, पंचविशीत असताना, मिचिझाने त्या काळची सर्वांत अवघड सरकारी परीक्षा देऊन उत्तीर्ण झाले. त्यांना दोन प्रश्न घातले होते. एक कुळांच्या उत्पत्तीविषयी होता आणि दुसरा भूकंपाविषयी. आदल्याच वर्षी, ८६९ मध्ये, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठा भूकंप होऊन गेला होता. परीक्षकांनी त्यांना जी श्रेणी दिली, तिचे नाव होते ‘मध्यम-वरची’. परीक्षेच्या देवाला स्वतःच्या परीक्षेत अव्वल श्रेणी मिळाली नव्हती, हे अनेक जपानी विद्यार्थ्यांना दिलासा देत असावे.

पुढे ८७७ मध्ये ते प्राध्यापक झाले. ८८६ पासून चार वर्षे ते सानुकी प्रांताचे (आजचे कागावा) सुभेदार होते. तेथील गरीब लोकांना थंडी आधी कशी गाठते, यावर त्यांनी चिनी भाषेत दहा कवितांची मालिका लिहिली. राजधानीत परतल्यावर सम्राट उदा यांचा त्यांच्यावर विश्वास बसला. फुजिवारांना शह देण्यासाठी सम्राटाला बाहेरचा, हुशार माणूस हवाच होता. ८९४ मध्ये चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा तांग राजवट खिळखिळी झाली आहे आणि प्रवास धोक्याचा आहे, असे सांगून त्यांनी ही मोहीमच थांबवण्याचा सल्ला दिला. ८९९ मध्ये ते उजवे मंत्री झाले. डावे मंत्री, म्हणजे त्यांच्याहून एक पायरी वरचे, होते फुजिवारा नो तोकिहिरा.

दोन वर्षांत डाव उलटला. उदा यांनी आधीच गादी सोडली होती आणि तरुण सम्राट दाइगो राज्य करीत होते. मिचिझाने आपल्या जावयाला, एका राजपुत्राला, गादीवर बसवू पाहतात असा आरोप ९०१ मध्ये झाला. आरोप खोटा होता, असेच बहुतेक इतिहासकार मानतात. त्यांना दाझाइफूला पाठवण्यात आले. दाझाइफू हे क्यूशूचा कारभार, संरक्षण आणि परदेशांशी व्यवहार पाहणारे सरकारी केंद्र होते. मिचिझाने यांना तेथे पद दिले गेले, पण ते नावापुरते. काम नाही, उत्पन्न नाही, राहायला पडके घर. राजधानी पाचशे किलोमीटरहून दूर होती. मोठे मुलगे वेगवेगळ्या प्रांतांत हद्दपार झाले, पत्नी मागे राहिली आणि बरोबर आली ती दोन लहान मुले. तेथे लिहिलेल्या कविता त्यांनी मृत्यूपूर्वी राजधानीतील एका मित्राकडे पाठवल्या, म्हणून त्या टिकल्या. ९०३ मध्ये ते वारले.

दंतकथा सांगते की शव नेणाऱ्या गाडीच्या बैलाने वाटेत बसकण मारली आणि काही केल्या तो उठेना. मिचिझाने यांची इच्छा हीच असावी, असे समजून त्यांना तेथेच पुरले. ९०५ मध्ये त्यांच्या एका शिष्याने कबरीवर लहानसे देवालय बांधले.

यानंतर राजधानीत जे घडले त्यामुळे मिचिझाने देव झाले. ९०९ मध्ये तोकिहिरा ऐन उमेदीत वारले. ९२३ मध्ये युवराजाचा मृत्यू झाला. तेव्हा दरबाराने घाबरून मिचिझाने यांचे जुने पद मरणोत्तर परत दिले. ९३० मध्ये राजवाड्याच्या दालनावर वीज कोसळून काही दरबारी ठार झाले आणि थोड्याच महिन्यांत सम्राट दाइगोही गेले. अन्यायाने मेलेल्या मोठ्या माणसाचा आत्मा सूड घेतो आणि त्याला पूजेने शांत करावे लागते, अशी तेव्हा जपानी समजूत होती. मिचिझाने यांचा आत्मा वीज पाडतो, यावर लोकांचा विश्वास बसला. क्योतोच्या कितानो भागात मेघगर्जनेच्या देवाची पूजा आधीपासून होत होती. तेथेच ९४७ मध्ये मिचिझाने यांचे देवस्थान उभे राहिले. ९९३ मध्ये, मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी, त्यांना राज्यातील सर्वोच्च मंत्रिपद बहाल करण्यात आले.

म्हणजे विद्येच्या देवाची पूजा भीतीतून सुरू झाली. भीती ओसरल्यावर लोकांना त्यांची विद्वत्ता आठवू लागली. कवी त्यांना काव्याचा देव मानू लागले. कितानोला कवींच्या बैठका होऊ लागल्या. एदो काळात (१६०३–१८६८) गावोगावच्या लहान शाळांत तेनजिनचे चित्र टांगलेले असे आणि महिन्याच्या २५ तारखेला मुले त्याच्यापुढे चांगल्या अक्षरासाठी प्रार्थना करीत. मिचिझाने यांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही २५ तारखेचे मानले जातात, म्हणून ही तिथी. व्यापाऱ्या-शेतकऱ्यांच्या घरी तेनजिन पोहोचला तो असा शाळेच्या वाटेने.

भारतीय वाचकाला येथे सरस्वती आठवणे साहजिक आहे. सरस्वती जपानमध्ये खरोखरच आहे. ती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेली आणि तेथे ‘बेन्झाइतेन’ झाली. तिच्या हाती ‘बिवा’ हे तंतुवाद्य असते आणि ती संगीत, वक्तृत्व व संपत्तीची देवता आहे. तेनजिनशी तिचा संबंध नाही. ती पुराणातून आलेली देवता आहे, तर तेनजिन हा इतिहासातला, सरकारी नोकरी केलेला माणूस आहे.

स्थानकापासून देवालयापर्यंत

दाझाइफूच्या रेल्वे स्थानकापासून देवस्थान पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, पण या रस्त्याला कोणीच पाच मिनिटे घेत नाही. दोन्ही बाजूंना दुकाने आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच दुकानांत ‘उमेगाए मोची’ भाजली जाते. तांदळाच्या पिठाच्या पारीत अझुकी या तांबड्या कडधान्याचे गोड सारण भरून ती लोखंडी साच्यात भाजतात. वर उमेच्या फुलाचा ठसा उमटतो. नावात उमे असले तरी आत उमे नसते. मराठी जिभेला सारणावरून पुरणाची आठवण होईल, आणि शाकाहारी माणसाला ती निर्धास्त खाता येते. मोचीची कथाही मिचिझाने यांचीच. हद्दपारीत अन्नाची आबाळ होत असताना एका म्हातारीने उमेच्या फांदीच्या टोकाला लावून त्यांना मोची दिली, असे सांगतात. २५ तारखेला हिरवट रंगाची, सुगंधी रानपाल्याची मोची मिळते.

याच रस्त्यावर २०११ मध्ये उघडलेले स्टारबक्सचे दुकान आहे. वास्तुविशारद केंगो कुमा यांनी सुमारे दोन हजार लाकडी दांडे एकमेकांत तिरपे गुंफून त्याचा आतला भाग घडवला आहे. कॉफी प्यायची नसली तरी डोकवावे.

रस्ता संपतो तेथे कांस्याचा बसलेला बैल दिसतो आणि बहुधा त्याच्याभोवती गर्दीही दिसते. आवारात असे अकरा बैल आहेत. मराठी माणसाला पटकन नंदी आठवतो, पण हा देवाचे वाहन नाही. हा तो शवाच्या गाडीचा बैल. शिवाय मिचिझाने यांचा जन्म बैलाच्या वर्षातला. बैलाच्या डोक्यावरून हात फिरवून तोच हात आपल्या डोक्यावरून फिरवला तर बुद्धी येते, अशी श्रद्धा आहे. दुखऱ्या अवयवासाठीही तेच. बैलाचा गुडघा चोळून आपला गुडघा चोळावा. त्यामुळे बैलाचे डोके, शिंगे आणि नाक चकचकीत आहेत, बाकी अंग काळपट.

डावीकडे वळले की तळ्यावरचे तीन पूल लागतात. तळ्याचा आकार ‘हृदय’ या अर्थाच्या चिनी अक्षरासारखा आहे. पहिला पूल कमानदार, दुसरा सपाट, तिसरा पुन्हा कमानदार. ते भूत, वर्तमान आणि भविष्य यांचे मानले जातात. पहिल्यावर मागे वळून पाहू नये, दुसऱ्यावर थांबू नये, तिसऱ्यावर अडखळू नये, असे सांगतात. दुसऱ्या पुलावर फोटोसाठी सगळेच थांबतात. तिसऱ्यावर मात्र परीक्षार्थी खरोखर जपून चालतात.

तळ्याच्या आसपास कापराचे प्रचंड वृक्ष आहेत, त्यांतले काही हजार वर्षांहून जुने. त्यांच्या सावलीतून दरवाजापाशी पोहोचले की समोर मुख्य देवालय येते. आजची इमारत १५९१ मधली आहे, सरदार कोबायाकावा ताकाकागे यांनी बांधलेली. छत सालींचे, कमान वळणदार, लाकडावर रंगीत कोरीव काम. मे २०२३ मध्ये या इमारतीचे मोठे दुरुस्तीकाम सुरू झाले. तेव्हा साधारण तीन वर्षांसाठी देव समोरच्या तात्पुरत्या देवालयात हलवण्यात आला. वास्तुविशारद सोउ फुजिमोतो यांनी त्या देवालयाच्या छतावर चक्क झाडे लावली. दुरून पाहता देवराईचा तुकडाच देवाच्या डोक्यावर ठेवल्यासारखा वाटे. देव सध्या कोणत्या इमारतीत आहे, हे जाण्याआधी देवस्थानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

देवालयाकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजव्या हाताला कुंपणातले एक झाड आहे. ते ‘तोबिउमे’, म्हणजे उडत आलेले उमे. उमे हे जर्दाळूच्या जवळचे झाड, भाषांतरात त्याला बहुधा प्लम म्हणतात. साकुरापूर्वी, कडाक्याच्या थंडीत ते फुलते. राजधानी सोडताना मिचिझाने यांनी अंगणातल्या लाडक्या उमेला उद्देशून कविता केली. विरह सहन न होऊन ते झाड एका रात्रीत उडत दाझाइफूला आले, अशी कथा आहे. आवारात उमेची सुमारे सहा हजार झाडे असल्याचे सांगतात. त्यांत तोबिउमे आधी फुलते, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, पांढऱ्या फुलांनी. बाकीची झाडे मार्चच्या सुरुवातीपर्यंत.

देवालयाच्या मागे फारसे कोणी जात नाही. तेथे जुन्या लेखणीच्या कुंचल्यांचे स्मारक आहे आणि स्वयंपाकाच्या सुऱ्यांचेही. झिजलेले हत्यार कचऱ्यात न टाकता त्याचे आभार मानायचे, ही जपानी रीत येथे दिसते. मिचिझाने यांच्या हस्ताक्षराची ख्याती पाहता कुंचल्यांना ही जागा साजेशी आहे.

दर्शनाची रीत

शिंतो देवस्थानात प्रवेशाला धर्माची अट नाही आणि दाझाइफूच्या आवारात जाण्यास शुल्कही नाही. रीत साधी आहे. ‘तोरिइ’ या कमानीपाशी थांबून किंचित वाकावे. वाटेचा मध्य देवाचा मानतात, म्हणून कडेने चालावे. पुढे पाण्याचे कुंड असते. पळीने आधी डाव्या हातावर, मग उजव्या हातावर पाणी घ्यावे. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरावी, पळीला तोंड लावू नये. पुन्हा डावा हात धुवून उरलेले पाणी पळी उभी धरून दांड्यावरून सोडावे. करोनाच्या साथीनंतर अनेक ठिकाणी पळ्या काढून वाहते पाणी ठेवले आहे. तेथे हात धुतले की झाले.

देवासमोर पेटीत नाणे टाकतात. पाच येनचे नाणे विशेष मानले जाते, कारण ‘गो-एन’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध असा होतो. मग दोनदा कमरेतून वाकावे, दोनदा टाळी वाजवावी, हात जोडून मनात मागणे मागावे आणि शेवटी एकदा वाकावे. आवारात पादत्राणे काढायची नसतात. पैसे भरून खास प्रार्थना करवून घ्यायची असेल आणि आत बसायचे असेल तेव्हाच ती काढावी लागतात. मूर्तीचे दर्शन मात्र होत नाही. शिंतो देवस्थानात देवाचे प्रतीक आतल्या गाभाऱ्यात बंद असते आणि लोक ते पाहत नाहीत. मूर्ती पाहायच्या अपेक्षेने आलेल्या भारतीयाला हे सुरुवातीला चुकचुकल्यासारखे वाटते.

परीक्षा आणि देव

जपानमध्ये विद्यापीठ प्रवेशाची सामायिक परीक्षा जानेवारीच्या मध्यास होते. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षा असतात. अनेक मुले त्याआधी वर्षानुवर्षे संध्याकाळच्या शिकवण्यांना जातात. एका वर्षी हुकले तर पुढचे पूर्ण वर्ष पुन्हा तयारीत घालवणारेही असतात. त्यांना ‘रोनिन’ म्हणतात. धनी गमावलेल्या सामुराईसाठीचा हा जुना शब्द. दहावी-बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या ताणातून गेलेल्या मराठी घरांना यातले फारसे काही समजावून सांगावे लागणार नाही.

तेनजिनच्या देवस्थानात हा ताण लाकडी पाट्यांवर लटकलेला दिसतो. या पाट्यांना ‘एमा’ म्हणतात. पूर्वी देवाला घोडा अर्पण करीत. ज्यांना ते परवडत नसे ते घोड्याचे चित्र देऊ लागले. नावातली ‘मा’ म्हणजे तो घोडा. आता पाटीच्या एका बाजूला बैल किंवा उमेचे चित्र असते आणि दुसऱ्या बाजूला भक्ताने स्वतःच्या हाताने मागणे लिहायचे असते. विद्यार्थी हव्या असलेल्या विद्यापीठाचे आणि विभागाचेही नाव लिहितात. देवाचा घोटाळा होऊ नये, अशी त्यामागची काळजी दिसते. काही पाट्या आईवडिलांच्या अक्षरात असतात. हल्ली काही देवस्थानांत मजकूर झाकायला चिकटपट्टीही मिळते. इतरांच्या पाट्यांचे जवळून फोटो काढून ते पसरवणे टाळावे, त्यांवर खरी नावे असतात.

एमाखेरीज ‘ओमामोरी’ असते, म्हणजे कापडी पिशवीतला ताईत. अभ्यासाचा वेगळा, परीक्षेत उत्तीर्ण होण्याचा वेगळा. तो दप्तराला बांधतात. पिशवी उघडून आत पाहायची नसते. वर्षभराने ताईत देवस्थानात परत देतात आणि तेथे तो विधिवत जाळला जातो. चिठ्ठीतून भविष्य सांगणारी ‘ओमिकुजी’ही आहे. दाझाइफूत तिच्या कागदाचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. चिठ्ठी वाईट निघाली तर आवारातल्या दोरीला बांधून तेथेच सोडून यायची.

शब्दांचीही मोठी खबरदारी असते. परीक्षार्थीसमोर ‘घसरणे’ आणि ‘पडणे’ या अर्थाचे शब्द टाळतात, कारण दोन्हींचा अर्थ नापास होणे असाही होतो. उलट, शुभ उच्चाराच्या वस्तू भेट देतात. जपानीत ‘गोकाकु’ म्हणजे उत्तीर्ण होणे आणि ‘गोकाकु’ म्हणजेच पंचकोन. म्हणून पाच कडांच्या पेन्सिली देवस्थानांत विकल्या जातात. ‘कात्सु’ म्हणजे तळलेला तुकडा आणि ‘कात्सु’ म्हणजे जिंकणे, म्हणून आदल्या दिवशी कात्सु घातलेला भात खायचा. किटकॅट या चॉकलेटचे नाव ‘कित्तो कात्सु’, म्हणजे ‘नक्की जिंकणार’, यासारखे ऐकू येते. त्यामुळे जपानमध्ये ते परीक्षेचे चॉकलेट होऊन बसले आहे.

हे सगळे कोणी किती मनापासून मानते, हा प्रश्न जपानी लोक स्वतःला फारसा विचारत नाहीत. पेन्सिल घेतली म्हणून कोणी अभ्यास सोडत नाही. आईला मात्र मुलाच्या परीक्षेत करता येण्यासारखे काहीतरी सापडते. निकाल लागल्यावर पुन्हा येऊन देवाचे आभार मानण्याची रीतही आहे. तिला ‘ओरेइ-माइरी’ म्हणतात. मार्चमध्ये पाट्यांच्या गर्दीत ‘उत्तीर्ण झालो, आभारी आहे’ अशा पाट्याही सापडतात.

कोणत्या दिवशी जावे

नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस शांतता हवी असणाऱ्याने टाळावेत, तेव्हा येथे सुमारे वीस लाख लोक येतात. ७ जानेवारीच्या रात्रीचा ‘उसोकाए’ मात्र पाहण्यासारखा आहे. ‘उसो’ हे एका लहान पक्ष्याचे नाव आणि ‘उसो’ म्हणजेच खोटे. लोक अंधारात लाकडी उसो पक्षी हातात घेऊन ‘बदलूया, बदलूया’ म्हणत अनोळखी माणसांशी त्यांची अदलाबदल करतात. वर्षभरात नकळत बोललेले खोटे अशा रीतीने तेनजिनच्या खरेपणाशी बदलून घेतले जाते. खोट्या आरोपाने ज्याचे आयुष्य संपले त्याच्या अंगणात हा खेळ चालतो, हे लक्षात घेतले की त्याला वेगळीच धार येते. त्याच रात्री भुते पळवण्यासाठी मोठा जाळ आणि धूर करण्याचा विधीही होतो.

मार्चच्या पहिल्या रविवारी उमेच्या बागेत हेइआन काळाच्या वेशातली माणसे वळणदार ओहोळाच्या काठी बसतात. पाण्यावरून तरंगत येणारा साकेचा प्याला आपल्यापाशी पोहोचण्याआधी प्रत्येकाने कविता पुरी करायची असते. मिचिझाने यांच्या काळचा हा दरबारी खेळ आहे.

उमे आणि कविता यांचे दाझाइफूशी नाते मिचिझाने यांच्याही आधीचे आहे. ७३० मध्ये येथील अधिकारी ओतोमो नो ताबितो यांच्या घरी उमेच्या फुलांनिमित्त मेजवानी झाली आणि पाहुण्यांनी ३२ कविता केल्या. त्या ‘मान्योशू’ या प्राचीन संग्रहात आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेइवा’ या राजकीय कालगणनेचे नाव त्या कवितांच्या प्रस्तावनेतून घेतले आहे.

कितानो आणि इतर देवस्थाने

क्यूशूला जाणे जमत नसेल तर क्योतोचे कितानो तेन्मांगू सोयीचे आहे. तेथील १६०७ मधले देवालय तोयोतोमी हिदेयोरी यांनी बांधवले आणि ते राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहे. दर महिन्याच्या २५ तारखेला तेथे जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. २५ फेब्रुवारीला उमेच्या झाडांखाली जवळच्या वस्तीतल्या गेइको चहा देतात. जानेवारीच्या सुरुवातीला मुले तेथे वर्षातले पहिले सुलेखन करून देवाला वाहतात. तोक्योत युशिमा तेनजिन हे परीक्षार्थींचे आवडते ठिकाण आहे. ओसाकाचा २४-२५ जुलैचा तेनजिन उत्सव नदीतल्या नौकांच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध आहे, तिथे अभ्यासाची आठवण कोणाला फारशी होत नाही.

जायचे कसे

फुकुओका शहरातील मध्यवर्ती भागाचे नावच तेनजिन आहे, तेही याच देवावरून. तेथून निशितेत्सु रेल्वेने फुत्सुकाइची स्थानकावर गाडी बदलून अर्ध्या तासाच्या आसपास दाझाइफूला पोहोचता येते. हाकाता स्थानकावरून थेट बसही आहे. तिचे नाव ‘ताबितो’, मेजवानी देणाऱ्या त्याच कवीवरून. देवस्थान आणि बाजार पाहायला अर्धा दिवस पुरतो. आवारातूनच सरकत्या जिन्यांच्या बोगद्याने क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात जाता येते. २००५ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात जपान आणि आशिया यांच्या जुन्या देवाणघेवाणीवर भर आहे. ते पाहायचे असेल तर पूर्ण दिवस ठेवावा.

रेल्वेने परतताना बहुधा फुत्सुकाइचीला गाडी बदलावी लागते. या स्थानकापासून थोड्या अंतरावर ‘एनोकी-शा’ नावाचे छोटे देवस्थान आहे, तेथे सहसा पर्यटक नसतात. मिचिझाने यांनी हद्दपारीची शेवटची दोन वर्षे काढली ते घर याच जागी होते. मोची देणाऱ्या त्या म्हातारीचेही तेथे लहानसे देवालय आहे. दर सप्टेंबरात दाझाइफूचा देव मिरवणुकीने या जागी आणला जातो, एक रात्र तेथे मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो.